मध्यम मुदतीचा कल ओळखताना मूव्हिंग अ‍ॅव्हरेज कसं वापरायचं?

कर्वेरोडकर (धागाकर्ता) | शनिवार, सकाळी 9:10

नमस्कार मंडळी. आयटी शेअर्सच्या धाग्यावर "200 डीएमए तोडला, आता बाहेर पडा" असं दोघा-तिघांनी लिहिलं आणि लगेच "हा डीएमए म्हणजे काय, बघायचा कुठे" अशी विचारणा सुरू झाली. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा. मध्यम मुदत म्हणजे इथे तीन महिने ते वर्ष-सव्वा वर्ष धरू या. इंट्राडे आणि ऑप्शनची चर्चा कृपया दुसरीकडे करावी.

मूव्हिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे गेल्या ठरावीक दिवसांच्या बंद भावांची सरासरी, जी रोज एक दिवस पुढे सरकते. 200 डीएमए (डेली मूव्हिंग अ‍ॅव्हरेज) म्हणजे 200 दिवसांची अशी सरासरी. व्याख्या सगळ्यांना पाठ असते, पण आकडे हाताने मांडून पाहिले की खरी गोष्ट कळते.

पाच दिवसांचे बंद भाव घ्या: 100, 102, 104, 103, 106. बेरीज 515, सरासरी 103. सहाव्या दिवशी शेअर 101 वर बंद झाला. आता जुना 100 गळाला आणि 101 आत आला. बेरीज 516, सरासरी 103.20. भाव एका दिवसात पाच रुपयांनी पडला आणि सरासरी वीस पैशांनी चढली! सरासरी वर जाणार की खाली, हे आत आलेला भाव आणि बाहेर गेलेला भाव यांच्यातल्या फरकावर ठरतं. कालच्या भावाशी तिला देणंघेणं नसतं. म्हणजे 50 दिवसांची साधी सरासरी आज वर सरकली याचा अर्थ एवढाच की आजचा बंद भाव 50 सत्रांपूर्वीच्या (सत्र म्हणजे बाजाराचा एक दिवस) बंद भावापेक्षा जास्त आहे.

माझा सगळा मुद्दा इथूनच निघतो. बहुतेक जण भावाने चार्टवरची सरासरीची रेष कधी कापली एवढंच बघतात. मध्यम मुदतीसाठी रेषेचा उतार (ती चढतेय, उतरतेय की सपाट आहे) आधी बघा, कापाकापी नंतर. चढत्या सरासरीखाली भाव दोन-चार दिवस गेला तर ती बहुतेकदा विश्रांती असते. उतरत्या सरासरीवर भाव दोन-चार दिवस आला तर ती बहुतेकदा उसळी असते. दोन्ही वेळा रेष कापली जाते, अर्थ मात्र उलट.

मी स्वतः 30 आठवड्यांची सरासरी वापरतो, साधारण 150 सत्रांची. आठवड्यातून एकदा, शेवटच्या सत्राचा बंद भाव आल्यावर बघतो. एका दिवसाच्या पावसाने खडकवासला भरत नाही, तसा एका दिवसाच्या भावाने कल बदलत नाही.

तुम्ही कोणती सरासरी वापरता, का वापरता, कुठे अडकता, ते लिहा.

---

हिंजवडी_फेज2 | शनिवार, सकाळी 9:48

उत्तम धागा. त्या बाहेर गेलेल्या भावाचा मुद्दा इतक्या सोप्या शब्दांत आधी कुठे वाचला नव्हता.

एक शंका. माझ्या अ‍ॅपमध्ये एसएमए (साधी सरासरी) आणि ईएमए (एक्स्पोनेन्शियल सरासरी) असे दोन पर्याय येतात. ईएमए जास्त चपळ म्हणतात, मग साधी सरासरी लोक वापरतातच कशाला?

---

कर्वेरोडकर | शनिवार, सकाळी 10:20

ईएमएमध्ये जुना भाव एकदम गळत नाही, त्याचं वजन हळूहळू कमी होत जातं. नव्या भावाचं वजन काढायचं सूत्र: 2 भागिले (दिवस + 1). 20 दिवसांच्या ईएमएत आजच्या भावाला सुमारे 9.5 टक्के वजन, 50 दिवसांच्या ईएमएत सुमारे 3.9 टक्के, 200 च्या ईएमएत जेमतेम 1 टक्का.

वरचंच उदाहरण घ्या. पाच दिवसांच्या ईएमएत वजन 2/6, म्हणजे एक तृतीयांश. आधीची सरासरी 103 धरली आणि आज भाव 101 आला, तर 103 मधून 2 चा तिसरा हिस्सा वजा. उत्तर 102.33. त्याच दिवशी साधी सरासरी चढली आणि ईएमए उतरली.

मग चांगली कोणती? 20 दिवसांसारख्या छोट्या मुदतीत ईएमए बरी. 150-200 दिवसांत साधी सरासरी मला जास्त पटते, कारण ती दचकत नाही. पण खरं सांगू का, कुठलीही एक धरा आणि तीच ठेवा. या महिन्यात एसएमए, पुढच्या महिन्यात ईएमए, मग 50 ऐवजी 44 अशी अदलाबदल करत राहिलं की माणूस आपल्या मनातलं उत्तर चार्टकडून वदवून घ्यायला लागतो.

---

बाणेर_बालेवाडी | शनिवार, सकाळी 11:05

माझा मूळ आक्षेप असा की हे सगळं मागून येणारं शहाणपण आहे. भाव एकसारख्या गतीने चढत असेल तर 50 दिवसांची सरासरी आज जो आकडा दाखवते तो साधारण 25 सत्रांपूर्वीचा भाव असतो. 200 ची सरासरी जवळपास 100 सत्रं मागे, म्हणजे पाच महिने. पाच महिन्यांपूर्वीचा भाव बघून आज निर्णय घ्यायचा?

मार्च 2020 आठवा. 23 मार्चला निफ्टी 7,610 वर बंद झाला. तिथून ज्यांनी खरेदी केली त्यांनी वर्षभरात पैसे जवळपास दुप्पट केले. तुमच्या सरासरीने तेव्हा काय सांगितलं असतं? "थांबा."

---

पेठेतला_भागधारक | शनिवार, दुपारी 12:30

बाणेर, तुमचा आक्षेप रास्त आहे, पण 2020 चं उदाहरण पूर्ण मांडा.

जानेवारी 2020 मध्ये निफ्टी 12,430 पर्यंत गेला होता. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्याने 200 दिवसांची सरासरी तोडली. 28 फेब्रुवारीचा बंद भाव 11,201. नियम पाळणारा माणूस तिथे बाहेर पडला असता. शिखरावर नव्हे, शिखरापासून दहा टक्के खाली. पुढच्या साडेतीन आठवड्यांत निफ्टी तिथून आणखी 32 टक्के पडला. सरासरीवर तो परत आला जुलैत, 20 तारखेला 11,022 वर बंद झाला. म्हणजे 11,200 ला विकून 11,000 च्या आसपास परत खरेदी. खर्च आणि कर धरला तर नफा शून्य, कदाचित किंचित तोटाच.

मग मिळालं काय? ज्याच्या मुलीचं लग्न किंवा फ्लॅटचा हप्ता एप्रिलमध्ये होता, त्याला 7,600 ला विकावं लागलं नाही. मध्यम मुदतीच्या पैशाला तारीख असते, म्हणून ही गोष्ट फार महत्त्वाची. वीस वर्षं हात न लावायचे पैसे असतील तर सरासरी बघूच नका, एसआयपी (दरमहा ठरावीक गुंतवणूक) चालू ठेवा.

थोडं जुनं सांगतो. पुण्याला स्वतःचा शेअर बाजार होता. 1982 मध्ये सुरू झाला, 2015 मध्ये सेबीच्या परवानगीने बंद झाला. एनएसईचे (राष्ट्रीय शेअर बाजाराचे) पडदे 1994 मध्ये आले, त्याआधीच्या काळात आमच्यासारख्यांकडे चार्ट म्हणजे आलेख कागद. रविवारच्या पेपरातून आठवड्याचे भाव उतरवायचे आणि 30 आठवड्यांची सरासरी वहीत ठेवायची. दर वेळी तीस आकड्यांची बेरीज करत बसायची नाही. मागची एकूण बेरीज वहीत असायची, तीत नवा भाव मिळवायचा, तीस आठवड्यांपूर्वीचा वजा करायचा, तीसने भागायचं. एका शेअरला मिनिटही लागत नसे. वजा होणारा आकडा पेन्सिलने खोडताना बाजार तेव्हा कुठे होता आणि आज कुठे आहे, हे आपोआप डोळ्यांसमोर यायचं. धागाकर्त्याने उताराबद्दल जे लिहिलंय ते वहीवाल्यांना हातानेच कळत होतं.

नव्या मुलांना माझी कळकळीची विनंती: एका शेअरसाठी तरी तीन महिने हे हाताने करून पाहा.

---

हिंजवडी_फेज2 | शनिवार, दुपारी 12:52

काका, अप्रतिम प्रतिसाद. आजच वही काढतो.

---

बाणेर_बालेवाडी | शनिवार, दुपारी 1:15

काका, तारखेच्या पैशाचा मुद्दा मान्य, मनापासून. पण 2024-25 मध्ये काय झालं तेही नोंदवू द्या. सप्टेंबर 2024 मध्ये 26,277 चा उच्चांक. नोव्हेंबरच्या मध्यावर निफ्टी 200 दिवसांच्या सरासरीखाली. आठवडाभरात परत वर. डिसेंबरच्या उत्तरार्धात पुन्हा खाली. जानेवारीच्या सुरुवातीला एक-दोन दिवस वर, पुन्हा खाली. यात दर वेळी विकणारा आणि दर वेळी घेणारा माणूस दलालीतच गेला असता.

---

कर्वेरोडकर | शनिवार, दुपारी 3:40

हे उदाहरण आलं ते फार बरं झालं. मूव्हिंग अ‍ॅव्हरेजची सगळ्यात मोठी उणीव हीच. बाजार आडवा असला की रेष भावाच्या मधोमध जाऊन बसते आणि वारंवार कापली जाते. यावर संपूर्ण इलाज नाही. नुकसान कमी करायचे उपाय मात्र आहेत.

पहिला म्हणजे उतार. रेष सपाट असेल तर तिने दिलेला कुठलाही इशारा मी जमेस धरत नाही. सपाट ओळखायची युक्ती काकांच्या वहीतलीच आहे. या आठवड्याचा बंद भाव आणि 30 आठवड्यांपूर्वीचा बंद भाव शेजारी ठेवा. फरक तीन-चार टक्क्यांच्या आत घुटमळत असेल तर कल नाही. तेव्हा नवी खरेदी नाही, आणि हातातल्या शेअर्सची विक्रीही केवळ रेष कापली म्हणून नाही.

दुसरा उपाय म्हणजे पट्टा. सरासरीच्या खाली दोन टक्के जागा सोडायची, किंवा लागोपाठ दोन आठवड्यांचे बंद भाव खाली असल्याशिवाय हलायचं नाही. याची किंमत मोजावी लागते: खरी घसरण आली तर आपण आणखी उशिरा बाहेर पडतो. खोटे इशारे कमी हवेत तर उशीर पत्करा, उशीर नको तर खोटे इशारे पत्करा. दोन्ही टाळणारी सेटिंग विकणारे क्लासवाले पुण्यात गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यापासून जपा.

50 ने 200 ला खालून वर कापलं की गोल्डन क्रॉस आणि वरून खाली कापलं की डेथ क्रॉस, याचा टीव्हीवर फार गाजावाजा होतो. दोन मागून येणाऱ्या रेषा एकमेकींना कापतात तो इशारा आणखी मागून येणार. त्यावर व्यवहार करावा असं मला अजिबात वाटत नाही.

---

सीए_सदाशिव | शनिवार, सायंकाळी 5:05

कराचा हिशेब कुणीच मांडला नाही, म्हणून लिहितो.

23 जुलै 2024 पासून बारा महिन्यांच्या आत विकलेल्या सूचीबद्ध शेअर्सच्या नफ्यावर 20 टक्के कर आहे. बारा महिन्यांनंतर विकले तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि त्यावरच्या रकमेवर 12.5 टक्के. शिवाय डिलिव्हरीत खरेदी आणि विक्री, दोन्ही वेळा 0.1 टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), जो नफ्यातून वजा करता येत नाही.

एक लाखाचे शेअर पाच महिन्यांनी एक लाख बारा हजारांना विकले. नफा 12,000. कर 2,400, त्यावर चार टक्के उपकर 96. एसटीटी 100 आणि 112. हातात राहिले सुमारे 9,300, दलाली आणि डीपी (डीमॅट खात्याचं) शुल्क वेगळं. हेच शेअर वर्षानंतर विकले असते आणि हा धरून त्या वर्षाचा असा एकूण नफा सव्वा लाखाच्या आत असता, तर या नफ्यावर आयकर शून्य.

म्हणून अकराव्या महिन्यात सरासरीने विकायला सांगितलं तर कराचाही आकडा शेजारी मांडा. मात्र कर वाचवायला पडता शेअर धरून बसणारे अशील मी दर मार्चमध्ये बघतो, तसंही करू नका. अल्पमुदतीचा तोटा वाया जात नाही. तो दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो आणि वेळेत विवरणपत्र भरलं तर पुढे आठ वर्षं ओढता येतो.

---

औंधची_गुंतवणूकदार | शनिवार, सायंकाळी 6:22

खूप उपयुक्त. माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्याकडे टाटा मोटर्सचे जुने शेअर होते. ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनीचं विभाजन (डीमर्जर) झालं तेव्हा माझ्या ब्रोकरच्या अ‍ॅपवर भाव सुमारे 660 वरून एका दिवसात 400 च्या आसपास आलेला दिसला आणि सगळ्या सरासऱ्या डोक्याच्या कितीतरी वर. अ‍ॅपने "तीव्र मंदी" असा लाल शेरा दिला. ग्राहक सेवेला विचारलं तर "चार्ट बरोबर आहे" एवढंच उत्तर. अशा वेळी करायचं काय?

---

कर्वेरोडकर | शनिवार, रात्री 8:15

ताई, हा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ती घसरण नव्हतीच. व्यापारी वाहनांचा व्यवसाय वेगळा निघाला, 14 ऑक्टोबरला त्याची किंमत भावातून वजा झाली आणि त्या बदल्यात तुम्हाला नव्या कंपनीचे शेअर मिळाले. चार्टमधले जुने भाव त्या प्रमाणात कमी करून घेतले नसतील, तर सरासरीत 660 च्या पातळीचे आकडे महिनोन्‌महिने बसून राहतात. त्या काळात सरासरी काहीही सांगत असली तरी ती निरर्थक.

बोनस (मोफत मिळणारे जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे तुकडे) यांचं तेच. आपल्या आकुर्डीच्या बजाज फायनान्सचं घ्या. जून 2025 मध्ये एका शेअरचे दोन झाले आणि वर एकास चार बोनस, म्हणजे एकाचे दहा. भाव एका दिवसात नऊ हजारांच्या घरातून नऊशेच्या घरात. बहुतेक चार्ट बोनस आणि स्प्लिट आपोआप जुळवून घेतात, पण एनएसईच्या रोजच्या भावपत्रकातले आकडे जसेच्या तसे असतात. ते उतरवून स्वतः शीट बनवत असाल तर त्या तारखेआधीचे सगळे भाव दहाने भागावे लागतील.

विभाजनात गुणोत्तर इतकं सरळ नसतं, म्हणून तिथे गफलत जास्त. एका दिवसात 30-40 टक्के फरक दिसला की आधी कंपनीची एक्सचेंजवरची घोषणा उघडा, मग चार्ट.

---

वारजे_वाकड | शनिवार, रात्री 9:02

सगळं वाचलं, छान. आता एखादा शेअर सांगा ना, जो 30 आठवड्यांच्या सरासरीवर नुकताच आलाय. सोमवारी घेतो.

---

पेठेतला_भागधारक | शनिवार, रात्री 9:30

बाळा, तेवढं मात्र इथे कुणी सांगणार नाही आणि सांगितलं तर तू घेऊ नकोस. आधी किती घ्यायचं ते शीक.

तुझ्याकडे दोन लाख आहेत असं धर. एका व्यवहारात एक टक्क्यापेक्षा जास्त, म्हणजे 2,000 पेक्षा जास्त बुडू द्यायचे नाहीत असं ठरव. शेअर 500 ला आहे, सरासरी 440 ला आणि तू सरासरी तुटली की विकणार. एका शेअरमागे धोका 60 रुपये. 2,000 भागिले 60, म्हणजे 33 शेअर. साडेसोळा हजारांची खरेदी. भाव सरासरीपासून जितका लांब पळालेला, तितके तुझे शेअर कमी. भाव 460 असता तर धोका 20 रुपयांचा आणि 100 शेअर घेता आले असते. सरासरीच्या जवळ घेण्यात हा फायदा आहे.

आणि छोट्या कंपन्यांत हे करू नकोस. पाच टक्क्यांचं खालचं सर्किट (त्या दिवशी भाव याखाली जाऊ देत नाहीत ती मर्यादा) लागलं की घेणाराच नसतो. सरासरी 440 ला तुटेल, तुला विकायला मिळेल 380 ला. रोज भरपूर उलाढाल होते अशाच कंपन्यांत ही पद्धत चालते.

---

वारजे_वाकड | शनिवार, रात्री 9:41

समजलं काका. भाव किती लांब पळालाय ते बघून संख्या ठरवायची, हे कुणी सांगितलंच नव्हतं. धन्यवाद.

---

बाणेर_बालेवाडी | रविवार, सकाळी 8:50

रात्री बसून धागाकर्त्याचा नियम माझ्याकडच्या काही शेअर्सवर मागे जाऊन ताडून पाहिला. भारत फोर्ज, थरमॅक्स, पर्सिस्टंट. उतार बघायची अट घातली की इशारे बरेच कमी होतात हे खरं. आडव्या काळातली कटकट पूर्ण जात नाही, तेही खरं. माझं मत अजून तेच आहे की निव्वळ सरासरीवर खरेदी करू नये, कंपनीचे तिमाही आकडे हवेतच. विकण्यासाठी मात्र उपयोगी वाटतंय. विकायच्या वेळी आपल्याला कारणं सापडत नाहीत, किंवा न विकण्याची कारणं फार सापडतात.

एक बारीक शंका. दुपारी 3:30 ला पडद्यावर शेवटचा भाव दिसतो तो आणि नंतर चार्टवर येणारा बंद भाव यांत फरक का पडतो?

---

कर्वेरोडकर | रविवार, सकाळी 9:35

खरेदी आकडेवारीवर, विक्री सरासरीवर, ही विभागणी मला पूर्ण मान्य आहे. मीही जवळपास तेच करतो.

फरकाचं कारण: एनएसईवर बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. वर्षानुवर्षं 3:00 ते 3:30 या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांची, संख्येनुसार भारित सरासरी काढून तो ठरत आलाय. शेवटच्या मिनिटाला कुणी मोठा सौदा टाकून भाव वाकवू नये म्हणून. त्यामुळे भाव सरासरीच्या काठावर असेल तर 3:29 ला घाई करू नका. संध्याकाळी खरा आकडा बघा, निर्णय पुढच्या सत्रात अमलात आणा. मध्यम मुदतीत एका सत्राने काही बिघडत नाही.

---

औंधची_गुंतवणूकदार | रविवार, सकाळी 10:10

कालच्या उत्तराबद्दल आभार. घोषणा उघडून वाचली, आता उलगडा झाला. शेवटचं विचारते: विभाजनात मिळालेल्या नव्या कंपनीला जुना भावच नाही. तिची 30 आठवड्यांची सरासरी कशी काढायची?

---

कर्वेरोडकर | रविवार, सकाळी 10:45

काढायची नाही. काही अ‍ॅप्स उपलब्ध असतील तेवढ्याच दिवसांची सरासरी 200 डीएमए म्हणून दाखवतात, ती धरू नका. व्यापारी वाहनांची कंपनी 12 नोव्हेंबर 2025 ला सूचीबद्ध झाली, तो आठवडा पहिला धरला तर तिसावा आठवडा 5 जून 2026 ला संपतो. त्या संध्याकाळी पहिली सरासरी मिळते. उतार कळायला त्यापुढचाही एक आठवडा लागेल, कारण पहिला भाव गळल्याशिवाय तुलना करायला दुसरी सरासरीच नाही. तोवर कंपनीच्या महिन्याला किती गाड्या विकल्या जातात आणि तिमाही निकाल काय येतात यावर लक्ष ठेवा. विक्रीचे आकडे कंपनी दर महिन्याच्या सुरुवातीला जाहीर करते.